गिनीचा भाव साल पाहून लावावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडच्या इतिहासावरील लेखांत किंवा अनुवादित कादंबऱ्यांत 'गिनी' आली, की पुढे कंसात 'एक पौंड' किंवा 'एकवीस शिलिंग' लिहून लेखक मोकळा होतो. काहीजण तर गिनी आणि सॉव्हरिन हे एकच नाणे समजून चालतात. दोन्ही सोन्याची, दोन्ही 22 कॅरटची, दोन्हींवर राजाचा मुखवटा आणि किमतीचा आकडा एकीवरही नाही. तेव्हा घोळ होणारच. पण गिनीचा भाव दीडशे वर्षांत अनेकदा हलला. साल न पाहता केलेले रूपांतर कधीकधी निम्म्याने चुकते.

गिनी सुरू झाली 1663 साली, दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत. हातोड्याने ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या जागी यंत्रावर पाडलेले हे सोन्याचे नाणे आले. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून आलेले सोने त्यात होते, आणि ते आणणाऱ्या आफ्रिका कंपनीचे चिन्ह म्हणून काही नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली इवलासा हत्ती दिसतो. ठरवलेली किंमत 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड. एका ट्रॉय पौंड (सोने-चांदी तोलायचे 12 औंसांचे वजन; चलनातला पौंड वेगळा) सोन्यातून साडेचव्वेचाळीस गिन्या पाडायच्या, हे प्रमाण शेवटपर्यंत टिकले. ट्रॉय पौंडाचे 5760 ग्रेन धरले तर गिनीचे वजन 129.4 ग्रेन, म्हणजे 8.39 ग्रॅमच्या आसपास येते.

वजन पक्के असूनही भाव हलायचा, कारण व्यवहाराचे माप चांदीचे शिलिंग होते. सोने महागले की गिनी चढायची. त्यात हातठोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरण्याचा धंदा जोरात होता. 1690 च्या दशकात कातरून कातरून चांदीची नाणी निम्म्या वजनावर आली होती. अशा हलक्या शिलिंगांत मोजताना 1695 साली गिनी 30 शिलिंगांपर्यंत गेली. पार्लमेंटने 1696 मध्ये जुनी चांदी परत घेऊन नवी नाणी पाडायला काढली आणि गिनीवर टप्प्याटप्प्याने मर्यादा घालत तिला 22 शिलिंगांवर आणले. पुढे ती साडेएकवीस शिलिंगांवर स्थिरावली.

एकवीसचा आकडा आला तो 1717 मध्ये. आयझॅक न्यूटन तेव्हा टांकसाळीचे प्रमुख होते. देशातली चांदी बाहेर का जाते, याचा हिशेब त्यांनी सरकारला सादर केला: इंग्लंडमध्ये सोन्याला चांदीत मिळणारा भाव युरोपच्या मानाने चढा आहे, म्हणून व्यापारी सोने आणून देतात आणि चांदी घेऊन जातात. उपाय म्हणून गिनीचे सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग (शिलिंगाचे तेव्हा बारा पेन्स), कमी करा, असे त्यांनी सुचवले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात 21 शिलिंगांचा जाहीरनामा निघाला. पण सहा पेन्स पुरे पडले नाहीत. गणित करून पाहता येते. गिनीत शुद्ध सोने 118.65 ग्रेन, 21 शिलिंगांत शुद्ध चांदी 1804 ग्रेनच्या वर. म्हणजे एकास 15.21. बाहेर सोन्याला याहून कमी चांदी पडत होती, त्यामुळे चांदीची गळती चालूच राहिली आणि इंग्लंड न ठरवताच सोन्याच्या चलनावर गेले. ही सगळी न्यूटनची दूरदृष्टी होती, असे सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अहवालाचा रोख चांदी वाचवण्याकडे आहे.

आता सॉव्हरिन. शेवटची गिनी 1813 ची; स्पेनमध्ये लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्याला सोन्याची गरज होती म्हणून पाडलेली. 1816 च्या नाण्यांविषयीच्या कायद्यानंतर 1817 मध्ये 20 शिलिंगांचे सॉव्हरिन आले. त्याचे 7.988 ग्रॅम हे विचित्र वजन गिनीतूनच निघाले आहे. साडेचव्वेचाळीस गिन्यांचे प्रत्येकी 21 प्रमाणे नऊशे साडेचौतीस, म्हणजे 934½ शिलिंग होतात, तेही 12 ट्रॉय औंसांचे. औंसाला पडले 3 पौंड 17 शिलिंग साडेदहा पेन्स. हाच दर कायम ठेवून 20 शिलिंगांचे सोने मोजले, की 123.27 ग्रेन भरते. टांकसाळीचा नियम 20 ट्रॉय पौंडांतून 934½ सॉव्हरिनचा होता, तो याच आकड्यावरून.

नाणे हातात असेल तर ओळख अवघड नाही. 1813 पर्यंतचे साल असलेली गिनी, 1817 पासूनचे सॉव्हरिन. गिनीचा व्यास 24 ते 25 मिलिमीटर, सॉव्हरिनचा 22. मात्र 1787 ते 1799 मधील, मागे फावड्याच्या आकाराची ढाल असलेल्या 'स्पेड' गिनीबाबत सावध राहावे. एकोणिसाव्या शतकात खेळात मोजायला म्हणून तिच्या पितळी नकला ढिगाने निघाल्या. कित्येकींवर 'जुन्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो; खऱ्या नाण्यावर फक्त राजाच्या लॅटिन पदव्यांची आद्याक्षरे. अक्षरे झिजलेली असतील तर तराजू घ्यावा. 22 कॅरट सोन्याची घनता पाण्याच्या साडेसतरा पटींच्या आसपास, पितळेची साडेआठ पट. त्यामुळे त्याच आकारमानाची नक्कल निम्म्या वजनाची भरते. खरी गिनी दोऱ्याने पाण्यात टांगली तर तिचे वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमीच घटते. टांगलेल्या नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर मात्र घट फुगते आणि खरे नाणे खोटे ठरते. झिजेचाही विचार करावा. 1770 च्या दशकात चलनात स्वीकारायची किमान मर्यादा 5 पेनीवेट 8 ग्रेन, म्हणजे 128 ग्रेन होती. नव्या नाण्यापासून जेमतेम दीड ग्रेनची सूट! त्यामुळे दुकानदार गिनीचा छोटा घडीचा तराजू जवळ बाळगत. छेद दिलेली, भोक पाडून बुजवलेली किंवा दागिन्यातून काढलेली गिनी हलकी भरणारच. तेवढ्यावरून ती नकली म्हणू नये.

नाणे गेले तरी हिशेबातली गिनी राहिली. डॉक्टर-वकिलांचे मानधन, शिंप्याचे बिल, चित्रांच्या आणि घोड्यांच्या किमती गिन्यांत सांगायचा शिरस्ता पुढेही चालू होता. म्हणून 1880 सालच्या गोष्टीत रुग्ण डॉक्टरच्या हातावर चमचमती गिनी ठेवतो, असा अनुवाद चुकीचा. तो एक सॉव्हरिन आणि एक शिलिंग ठेवतो.

रूपांतरासाठी एवढे धरावे: 1663 ते 1717 मधील रकमेला त्या सालचा भाव शोधावा, 1717 नंतर 21 शिलिंग, आणि 15 फेब्रुवारी 1971 रोजी दशमान पद्धत (पौंडाचे 100 नवे पेन्स) आल्यानंतर 1.05 पौंड. हा शेवटचा दर आजही लागतो, कारण इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या घोड्यांच्या लिलावात बोली गिन्यांतच लागते. त्यातला पौंड विकणाऱ्याला आणि वरचे पाच पेन्स लिलाव करणाऱ्याला, अशी तिथली जुनी वाटणी आहे.

आपला,
एक नाणे-अभ्यासक वाचक