औशातल्या झेरॉक्सवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. मागे सातबाऱ्याची गर्दी होती, म्हणून आभार मानायचे राहिले. आज चारचौघांत मानते, कारण माझ्यावर संशयही चारचौघांतच घेतला होता.

दिवाळीनंतरच्या बैठकीत बचत गटाचा मार्चअखेरचा हिशोब दाखवायला मी लॅपटॉप उघडला. एकीच्या शिकलेल्या मुलाने पडद्यावर बोट ठेवलं. 'डेट मॉडिफाइड' काल रात्रीची! मार्चचा हिशोब काल रात्री कशाला बदलला, काकू? मी नुसता पाहिला रे, म्हटलं. तर म्हणे, आणि फाईल तयारच ऑगस्टमध्ये झालीय. झालं, कुजबुज सुरू. नऊ वर्षं वही सांभाळून हे ऐकायचं? त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले. तुम्ही ना धीर दिला ना उपदेश. एवढंच विचारलं, "फाईल बंद करताना काय दाबायलाव, काकू?" मी म्हटलं, ते विचारतंय सेव्ह करू का, मी हो म्हणते. तुम्ही हसलात आणि कोपऱ्यातला तारखेचा चौकोन दाखवलात. ते टुडेचं सूत्र मीच हौसेने टाकलेलं, कागद छापला की आजची तारीख यावी म्हणून. फाईल उघडली की एक्सेल ती तारीख नव्याने मोजतं आणि बंद करताना सेव्हचं विचारतं. मी एक आकडा न बदलता 'हो' म्हणत आले आणि दर वेळी फाईलवर नवी तारीख चढत गेली.

मग एप्रिलमध्ये बँकेला मेल केलेली फाईल तुम्ही माझ्याच मेलमधून काढलीत. मेलमधली फाईल आधी नुसती वाचायला उघडते, तोवर एक्सेल तारीख नव्याने मोजत नाही; म्हणून उघडली तेव्हा कोपऱ्यात एप्रिलचीच तारीख होती. वरच्या पिवळ्या पट्टीतलं 'एनेबल एडिटिंग' दाबलंत आणि ती माझ्या डोळ्यांदेखत आजची झाली! दोन्ही फाईली शेजारी लावून ११ बायकांचे १२ महिने, १३२ चौकोन सूत्राने ताडून पाहिलेत. सगळीकडे 'ट्रू', म्हणजे आकडे तेच. मला रडूच आलं. तुम्ही तोंड फिरवून झेरॉक्सचे कागद नीट करत बसलात, तेही लक्षात आहे.

ऑगस्टचं कोडं तर दोन मिनिटांत सुटलं. तेव्हा मी फाईल जुन्या लॅपटॉपवरून नव्यात घेतली होती. कॉपी केली की 'क्रिएटेड' कॉपीच्या दिवसाची होते, 'मॉडिफाइड' मात्र जुनीच राहते. तुम्ही पेनड्राइव्हवर करून दाखवलंत: फाईल आधी बदलली, मग जन्मली. पोर आधी चाललं आणि मग पाळण्यात आलं म्हणायचं!

हे सगळं मी पुढच्या बैठकीत जसंच्या तसं करून दाखवलं. तो मुलगा काही बोलला नाही. त्याच्या आईने मात्र जाताना माझा हात धरला.

आता ते सूत्र काढलंय. कंट्रोल धरून अर्धविरामाची कळ दाबते, तारीख बसते ती हलत नाही. मार्चची फाईल 'रीड-ओन्ली' केलीय. नुसतं पाहायचं असेल तर बंद करताना 'डोन्ट सेव्ह'.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या शेतात या. भज्जी आणि आंबील तुमच्या वाट्याची ठेवते. दुकान एक दिवस बंद राहिलं तर औसा काही अडत नाही. येताना आईंनाही आणा.

तुमची,
बचत गटवाली काकू