मागच्या सीटवर बसलेल्यांचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीत गावाला निघायचं म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. टायर, ब्रेक, पीयूसी सगळं बघितलं जातं. विम्याचा विषय मात्र 'थर्ड पार्टी आहे ना' एवढ्यावर मिटतो.

परवा शेजाऱ्यांनी मोबाइलवर आपली पॉलिसी दाखवली. 'लायबिलिटी'खाली, म्हणजे थर्ड पार्टीचे, ३,४१६ रुपये; 'ओन डॅमेज'चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, रकाना कोरा. गाडी जुनी झाली, आता एवढं पुरे, असं एजंटने सांगितलेलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने सक्तीचा केलेला हा विमा आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होते, त्याच्यासाठी आहे. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. आपल्या गाडीचा खर्च आपण करायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

ठाऊक नसतं ते गाडीत बसलेल्यांबद्दल. खासगी गाडीतले प्रवासी नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरले जात नाहीत. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या बालकृष्णन प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणजे चालवणाऱ्याच्या चुकीने अपघात झाला आणि मागे बसलेल्या मावशी जायबंदी झाल्या, तर भरपाईचा बोजा थेट गाडीमालकावर येऊ शकतो. आणि पॉलिसीसोबतचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा? तो लायसन्स असलेल्या मालकाचा, तेही तो स्वतः गाडीत असेल तर. वडिलांच्या नावावरची गाडी एकटा घेऊन निघालेल्या मुलाला त्यातला रुपयाही मिळत नाही. घरोघरी गाडी अशीच चालवली जाते, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

पॉलिसीची पानंच्या पानं बारीक इंग्रजीत असतात. विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना पहिल्याच पानावर, ठळक मराठीत, 'गाडीतील प्रवाशांना संरक्षण आहे / नाही' एवढी एक ओळ छापायला लावावी. दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय गाडी चालवली तर कंपनी जखमीला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते, हेही तिथेच यावं.

तोवर वाचकांना कळकळीची विनंती: गावाला निघण्यापूर्वी पॉलिसी उघडून 'ओन डॅमेज'चा रकाना बघा. तो कोरा असेल तर पॅकेज पॉलिसीचा हप्ता किती, हे कंपनीला फोन करून विचारा. जुन्या गाडीची आधी तपासणी होते, त्यामुळे हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका.

आपला,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई