पहिली दोन मिनिटं पेशंटची

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बाहेर पेशंट खोळंबलेले असतात. प्रत्येकाचं सगळं ऐकत बसले तर संपायचंच नाही." फोनवर यावर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

वेळ वाचवायचा असेल तर सुरुवातीला गप्प बस. उलटं वाटेल, पण हे कुणीतरी मोजून पाहिलेलं आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं ध्वनिमुद्रित केली. पेशंट बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये तोंड घालत होते. आपलं म्हणणं पुरतं मांडता आलेले पेशंट पाव हिस्साही नव्हते. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात डॉक्टरांना सांगितलं, पेशंट थांबेपर्यंत थांबा. पेशंट बोलले सरासरी ९२ सेकंद. दर १०० पैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. तुला ज्याची धास्ती वाटते ते ऐकणं एवढंच आहे, दोन मिनिटांचं.

या दोन मिनिटांत पुतळ्यासारखं बसायचं नाही. तोंड त्याच्याकडे, हात कीबोर्डपासून लांब, अधूनमधून "बरं", "मग?" एवढं पुरतं. "ताप किती दिवस?", "थंडी वाजते का?" हे प्रश्न विचारायचेच आहेत, पण नंतर. आधी विचारलेस की पेशंट उत्तरं देण्याच्या कामाला लागतो आणि सांगायला आलेलं राहून जातं.

आणि जे पहिल्यांदा सांगितलं तेच सगळ्यात महत्त्वाचं असेल असं धरून चालू नकोस. गुडघा दुखतो म्हणून पन्नाशीचे गृहस्थ येतात. गुडघा तपासून होतो, गोळ्या लिहून होतात, ते उठतात आणि दाराशी जाऊन म्हणतात, "डॉक्टर, जिना चढताना हल्ली छातीत जरा दाटल्यासारखं होतं. गॅसेसच असतील ना?" म्हणजे खरं काम आता सुरू होणार, आणि पुढचा पेशंट दारात उभा. हे दाराशी निघणारं बोलणं सुरुवातीलाच बाहेर काढता येतं. पहिली तक्रार ऐकून झाली की तिच्यात लगेच खोल शिरू नकोस. आधी विचार, "हे झालं. आज अजून काय काय दाखवायचंय?" "नाही, बाकी काही नाही" असं उत्तर येईपर्यंत विचारत राहा. चार गोष्टी निघाल्या तर आज कोणत्या बघायच्या ते दोघांनी मिळून ठरवा. छातीचं आधी, गुडघ्याला पुन्हा बोलावता येतं.

पेशंटच्या मनात काय आहे, त्याला कशाची काळजी वाटते, तो काय अपेक्षा घेऊन आलाय, हे विचारायला तुम्हाला शिकवलेलं आहेच. पण पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी वापरू नकोस. "तुमची काय अपेक्षा आहे?" असं विचारलंस तर पेशंट गांगरून म्हणेल, "ते तुम्हीच सांगा, डॉक्टर तुम्ही." "कशाची भीती वाटते का?" याला तर बहुतेकांचं उत्तर "नाही"च येतं. त्यापेक्षा "घरी काय म्हणतात याबद्दल?" असं विचारून बघ. स्वतःची भीती सांगायला माणसाला जड जातं, दुसऱ्याच्या नावावर ती पटकन सांगता येते. "बायको म्हणते, एकदा कॅन्सरचं बघून घ्या." कळलं तुला तो कशासाठी आलाय. आता तपासताना त्या भीतीला नाव घेऊन उत्तर दे. नुसतं "काळजी करू नका" म्हटलंस तर तो तीच भीती घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल.

सर्दी-खोकल्याचं मूल घेऊन आलेल्या आईबापांना अँटिबायोटिकच हवं असतं, असं आपण फार लवकर गृहीत धरतो. पुष्कळदा त्यांना हवं असतं की कुणीतरी नीट तपासावं आणि पुढे काय होईल ते सांगावं. म्हणून तपासताना मोठ्याने बोल: "छाती स्वच्छ आहे, कान चांगले आहेत, घसा थोडा लाल आहे." खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो हे आधीच सांग, म्हणजे पाचव्या दिवशी त्यांना औषध फसलं असं वाटणार नाही. आणि त्यांना परत पाठवताना "काही वाटलं तर या" हे वाक्य कधीही वापरू नकोस, बाळा. काही म्हणजे काय? रात्री दोन वाजता ती आई कशावरून ठरवणार? तिला स्पष्ट सांग: श्वास जोरात चालू लागला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध-पाणी घेईना, लघवी फार कमी झाली, उठवूनही नीट जागं होईना, यातलं एकही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. कुठे जायचं तेही सांग. माझ्या मते फॅमिली डॉक्टरच्या बोलण्यातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. सांगितलंस ते केसपेपरवर लिहूनही ठेव.

"समजलं ना?" याला माणूस "हो"च म्हणतो. त्याऐवजी म्हण, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल, सांगा बघू." यात परीक्षा तुझी होते, त्याची नाही, म्हणून त्याला ओशाळं वाटत नाही. इनहेलर दिलास तर तोंडी विचारूच नकोस, समोर घ्यायला लाव. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग ओढायचा, मग रोखून धरायचा. यातलं कुठलं राहतंय ते बघितल्याशिवाय डोस वाढवू नये.

रॉजर नेबर नावाच्या ब्रिटिश फॅमिली डॉक्टरांनी १९८७ मध्ये तपासणीचे पाच टप्पे मांडले. त्यातला शेवटचा डॉक्टरसाठी आहे: पुढचा पेशंट आत घेण्याआधी स्वतःकडे बघायचं. रडून गेलेल्या बाईनंतर किंवा भांडून गेलेल्या माणसानंतर लगेच बेल दाबू नकोस. उठ, हात धू, घोटभर पाणी पी. नाहीतर मागच्याचा राग पुढच्या निष्पाप माणसावर निघतो आणि त्याला कळतही नाही आपलं काय चुकलं.

वाईट बातमी कशी सांगायची हेही तू विचारलं होतंस. तो विषय या पत्रात कोंबत नाही, त्यावर वेगळं लिहीन. तोवर एवढंच कर, असा रिपोर्ट हातात आला की पेशंटला खुर्चीवर बसवल्याशिवाय आणि "सोबत कुणी हवंय का?" असं विचारल्याशिवाय तो उघडू नकोस.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
आई