हेही पाहा

प्रिय सायली,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मग झोपच लागली नाही. तुझ्याकडे अमेरिकेत दुपार होती, लायब्ररीतूनच बोलत होतीस, अगदी दबक्या आवाजात. पेपरसाठी कॅटलॉगमध्ये ‘तत्त्वज्ञान आणि वंश’ असं टाकलं की हजारांनी नोंदी येतात, आणि ज्या जर्मन तत्त्वज्ञ कांटवर तू बी.ए.चं अख्खं वर्ष काढलंस त्याचंच नको ते लिखाण पुढ्यात येतं. ‘आई, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंस. फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं गेली माझी, मला कागद समोर असला की सुचतं.

आधी आवृत्ती बघ. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा राष्ट्रांच्या स्वभावांवरचा निबंध 1748 चा आहे. त्या छपाईत तू शोधतेस ती तळटीप नाहीच. ती त्याने 1753 मध्ये घातली. कृष्णवर्णीय आणि एकूणच गोऱ्यांखेरीज इतर सगळे लोक निसर्गतःच कमी प्रतीचे असावेत, असा आपल्याला संशय येतो, असं तिच्यात आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1777 मध्ये जी आवृत्ती निघाली तिच्यात टीप बदललेली दिसते. ‘इतर सगळे’ गळले, कृष्णवर्णीय तेवढे राहिले. म्हणजे माणसाने आपलंच वाक्य पुन्हा वाचलं, त्यावर हात फिरवला, आणि ठेवून दिलं. मला हे मूळ टिपेपेक्षाही जास्त लागतं. पेपरमध्ये नुसतं ‘ह्यूम म्हणतो’ असं लिहू नकोस, कुठल्या सालचा ह्यूम ते लिही.

तीच टीप पुढे कांटपर्यंत गेली. सुंदर आणि उदात्त यांवरच्या 1764 च्या पुस्तकात त्याने ह्यूमचं नाव घेऊन ती उचलली आहे. त्याच पुस्तकात एका माणसाचं बोलणं मूर्खपणाचं होतं हे सिद्ध करायला, तो नखशिखांत काळा होता एवढंच त्याला पुरलं आहे. तू काल हेच वाचलं असणार. मग 1775 मध्ये मानवी वंशांवर स्वतंत्र निबंध. आणि 1785. हे साल डोक्यात ठेव, सायली. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे, हे ज्या पुस्तकात आहे ते 1785 चं. तू ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतंस. आणि ‘मानवी वंश’ या संकल्पनेची व्याख्या करणारा त्याचा लेखही 1785 चाच. केंब्रिजने कांटचे ग्रंथ इंग्रजीत काढले, त्यांत नीतीचं लिखाण एका खंडात आहे आणि वंशावरचं मानवशास्त्र, इतिहास, शिक्षण यांच्या खंडात, 2007 मध्ये आलेल्या. एकाच वर्षी एकाच टेबलावर लिहिलेले कागद वेगवेगळ्या पुठ्ठ्यांत बांधले गेले. तू ते दोन्ही खंड एकत्र इश्यू करून घे आणि शेजारी शेजारी उघडून बस.

कांटचं मत पुढे बदललं का, यावर अभ्यासकांत चांगलाच वाद आहे. 1795 च्या शाश्वत शांततेवरच्या लेखात युरोपियनांनी परमुलखात जे केलं त्यावर तो कडक बोलतो, हे खरं. पॉलिन क्लाइनगेल्ड यांच्या मते तो बदलला. रॉबर्ट बर्नास्कोनी यांना हे एवढं सरळ वाटत नाही. दोघांनाही वाच. कांटला वाचवायची घाई करू नकोस, टाकून द्यायचीही करू नकोस. फक्त ‘त्या काळी सगळेच तसं म्हणायचे’ हे वाक्य तुझ्या पेपरमध्ये मला दिसता कामा नये. जेम्स बीटी या स्कॉटिश लेखकाने 1770 मध्येच ह्यूमच्या त्या टिपेला छापील उत्तर दिलं होतं. आणि त्याच्याही आधी, कांट शाळकरी पोरगा होता तेव्हा, अँटोन विल्हेल्म आमो हा आजच्या घानात जन्मलेला, लहानपणी जर्मनीत आणलेला कृष्णवर्णीय माणूस विटेनबर्गला 1734 मध्ये तत्त्वज्ञानाचा प्रबंध मांडत होता. पुढे त्याने हाले आणि येना इथे विद्यार्थ्यांना शिकवलं. युरोपातल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांवर 1729 मध्ये त्याने जो वाद मांडला, त्याची संहिता हरवली आहे. कांटचा चिठोरा न् चिठोरा जपला, हे मात्र कुणी जपलं नाही.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. डोरोथी पोर्टर नावाच्या ग्रंथपाल वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1930 पासून होत्या. त्यांच्या लक्षात आलं की ड्युईच्या दशांश वर्गीकरणाने चालणारी ग्रंथालयं कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं काहीही, मग ती कविता का असेना, 325 किंवा 326 मध्ये टाकतात. 325 म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, 326 म्हणजे गुलामगिरी. लेखक काळा, एवढ्यावर वर्गांक ठरायचा. पोर्टरबाईंनी ते सगळं मोडून पुस्तकं विषयाप्रमाणे आणि लेखकाप्रमाणे लावली. कविता कवितेत, तत्त्वज्ञान तत्त्वज्ञानात.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या कॉलेजातला एक मुलगा आठवला. टी.वाय.ला तत्त्वज्ञान होतं त्याला. जुलैचे दिवस, छत्री बाहेर ठेवून आला होता, शर्टाची बाही ओली. बाबासाहेबांच्या शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांतला तिसरा त्याला हवा होता. ते सगळे खंड आमच्याकडे वेगळ्या काचेच्या कपाटात, कुलपात. चावी आणून मी खंड काढून दिला. त्याने अनुक्रमणिका उघडली, ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’वर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मॅडम, नावातच फिलॉसॉफी आहे. मग आमच्या तत्त्वज्ञानाच्या शंभरच्या रॅकला हे का नाही?’ मी म्हटलं, आपल्याकडे ते कपाट आधीपासून तसंच आहे. त्याने सही केली, पुस्तक नेलं. अकरा वर्षं मी त्या कपाटाची चावी सांभाळली होती आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एक कार्ड टाइप केलं, वर ‘तत्त्वज्ञान’, खाली ‘हेही पाहा’, त्यापुढे खंडाचं नाव आणि कपाटाचा क्रमांक, आणि शंभरच्या खणात लावलं. पुढच्या आठवड्यात आणखी चौदा लावली.

तुमच्याकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत. तत्त्वज्ञान ‘बी’खाली, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास ‘ई 185’खाली. कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस 1903 मध्ये दुहेरी जाणिवेबद्दल, म्हणजे स्वतःला सतत दुसऱ्यांच्याही नजरेतून पाहण्याबद्दल, जे लिहितो ते निखळ तत्त्वज्ञान आहे, पण ते ‘बी’च्या मजल्यावर शोधत बसलीस तर हात हलवत परत येशील. तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचं 1997 चं ‘द रेशियल कॉन्ट्रॅक्ट’ कुठे ठेवलंय तेही बघ आणि मला कळव. संगणकावर नोंद सापडली की तिथेच थांबू नकोस, जिना चढून रॅकपाशी जा. डावी-उजवीकडची दहा पुस्तकं हाताने काढून बघ.

आणखी एक गोष्ट. पेपरमध्ये आपल्याकडचं काही आणावंसं तुला वाटतंय, पण जपून. मराठीत आपण ‘वंश’ म्हणतो, त्यात वंशाचा दिवा येतो. ‘वर्णद्वेष’ म्हणतो, त्यात चातुर्वर्ण्य येतं. शब्दातच दोन गोष्टींची गाठ बसलेली आहे, ती न सोडवता पुढे गेलीस तर घोटाळा होईल. बाबासाहेबांनी 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, जातींवरचा निबंध वाचला. त्यात ते स्पष्ट म्हणतात की युरोपियन अभ्यासकांनी जातिव्यवस्थेत रंगाला नको इतकं महत्त्व दिलं, कारण ते स्वतःच रंगाच्या पूर्वग्रहाने भरलेले होते. तिथे त्यांनी केतकरांचा आधार घेतला आहे, ज्ञानकोशकार केतकरांचाच. केतकरांचं जातींवरचं इंग्रजी पुस्तक 1909 चं, ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते तेव्हाचं. दोघेही तुझ्यासारखेच, परदेशी ग्रंथालयात बसलेले.

आणि तेच बाबासाहेब 1946 मध्ये ड्यू बॉइसला पत्र लिहितात की अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीत इतकं साम्य आहे की निग्रोंच्या स्थितीचा अभ्यास करणं स्वाभाविकच नव्हे, आवश्यक आहे. तीस वर्षांपूर्वी रंगाचा सिद्धांत नाकारणारा माणूस इथे साम्य कशात पाहतो? मला वाटतं उगमात नाही, माणसाला जे भोगावं लागतं त्यात. पण हे माझं झालं, तुझं तू ठरव. ते पत्र तू बसतेस त्याच इमारतीत आहे, ड्यू बॉइसच्या कागदपत्रांमध्ये. स्क्रीनवर दिसतं म्हणून समाधान मानू नकोस. रीतसर अर्ज कर आणि मूळ कागद बघायला मिळतो का विचार.

शेजारच्या काकूंचा मुलगा सोळा तारखेला बॉस्टनला निघतोय. त्याच्याबरोबर मेतकूट, गोडा मसाला आणि माझी ‘गुलामगिरी’ पाठवते. जोतीरावांनी 1873 मध्ये ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी उठवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं आहे. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, तुझ्या मॅडमना दाखव. पान सुटं झालंय, चिकटपट्टी लावू नकोस, मी पातळ कागदात घालून देतेय.

रात्री जेवण टाळू नकोस.

तुझी,
आई