सॅन अँटोनियोच्या सेंट फिलिप्स कॉलेजमधल्या ट्युटरिंगवाल्या आजींना

आजी, हे मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमधे लिहायला घेतलं की अजून तुमचा लाल पेन दिसतो. माझी लेक तुम्हाला इंग्लिशमधे वाचून दाखवेल. आणि नवऱ्याच्या नोकरीपायी टेक्सासला येऊन घरातच अडकलेल्या आपल्या बायकांनीही वाचावं, म्हणून असं सगळ्यांसमोर.

पहिल्यांदा आले तेव्हा मी खरंतर फक्त ऑफिस कुठंय ते विचारायला आले होते. त्याआधी दुसऱ्या एका कॉलेजच्या काउंटरवर "सगळं वेबसाइटवर आहे" म्हणून मला वाटेला लावलं होतं, त्यामुळे तुम्ही पण तेच म्हणाल असं धरूनच चालले होते. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि म्हणालात बस. साताऱ्याची बी.कॉम., तेही वीस वर्षांपूर्वीचं, आता नर्सिंगकडे जायचंय आणि टीएसआयच्या (इथल्या कॉलेजप्रवेशाच्या चाचणीच्या) लेखी भागात नापास, हे सगळं मी एका दमात सांगितलं. तुम्ही हसून म्हणालात की तुझा प्रॉब्लेम मला कळला, तुला फुलस्टॉप माहीतच नाही 😄 (अजूनही सुधारले नाहीये, बघताय ना.) मग दर मंगळवारी मी मोठ्याने वाचायचं आणि जिथे श्वास घेईन तिथे पेन्सिलीने खूण करायची. इतकी साधी गोष्ट, मला कुणी शाळेत पण सांगितली नव्हती.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, आज सांगते. मी ॲडमिशन घेणार म्हटल्यावर आमच्याच ओळखीतल्या एकीने "ईस्ट साइडला कशाला, ते काळ्यांचं कॉलेज आहे ना" असं म्हटलं होतं, आणि मी गप्प बसले होते. मनात थोडं माझ्याही होतंच, खोटं कशाला बोलू. नंतर तुम्हीच आर्टेमिशिया बाउडनबाईंबद्दल सांगितलंत तेव्हा मान वर करवेना.

१८९८ मधे एपिस्कोपल चर्चच्या बिशप जॉन्स्टन यांनी ला व्हिलिटा भागात मूठभर काळ्या मुलींसाठी शिवणाचा वर्ग काढला, तेच हे कॉलेज. १९०२ मधे बाउडनबाई आल्या, जॉर्जियाच्या, आईवडील आधी गुलामगिरीत होते, आणि पुढची ५२ वर्षं त्यांनी तो वर्ग ओढत ओढत शाळा केला, १९२७ मधे ज्युनिअर कॉलेज केलं. मंदीत पैसेच नव्हते तेव्हा दारोदार मागून, स्वतःच्या खिशातून घालून दार उघडं ठेवलं, आणि शहराच्या शाळा मंडळाने कॉलेज ताब्यात घ्यावं म्हणून मागे लागून १९४२ मधे ते करून घेतलं. तुम्ही हे सांगत होतात आणि मला आमच्या लक्ष्मीबाई पाटील आठवत होत्या, भाऊराव अण्णांच्या बोर्डिंगमधली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्र विकणाऱ्या. मी रयतचीच. तुम्हाला तोडक्यामोडक्या इंग्लिशमधे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, स्पेलिंग लिहून दे त्यांचं. ती चिठ्ठी अजून तुमच्या मॉनिटरला चिकटवलेली आहे 🙏

आणि "काळ्यांचं कॉलेज" म्हणणारीला आता सांगते की माझ्या वर्गात निम्म्या पोरी स्पॅनिशमधे भांडतात. काळ्यांचं ऐतिहासिक कॉलेज आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचं कॉलेज, सरकारदरबारी दोन्ही शिक्के असलेलं देशातलं हे एकच आहे म्हणतात. एका बाजूला डिझेल इंजिन खोलणारी पोरं, एका बाजूला केक करणारी, आणि मधे आम्ही. कॉफी मात्र भयंकर, ते कुणीतरी मनावर घ्या.

पास झाल्याचं सांगायला धावत आले तर तुम्ही मिठीबिठी मारायच्या आधी विचारलंत, निबंधात फुलस्टॉप किती होते? मोजले नव्हते हो. तुमच्यामुळे एवढं झालं म्हटलं की तुम्ही नेहमी हात झटकता, मी फक्त बसवलं, बाकी तूच केलंस म्हणता. पण कुणी बसवलं नसतं तर मी त्या दिवशी पार्किंगमधूनच परत गेले असते, गाडीची किल्ली हातातच होती.

एलव्हीएनचे, म्हणजे नर्सिंगच्या पहिल्या पायरीचे, क्लास सुरू झालेत. आता औषधाच्या डोसची गणितं अडतायत, मंगळवारी वही आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन येतेय.