बिबड्यांची पिशवी राहिली

धरणगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

ज्वारीच्या बिबड्यांची पिशवी खाटेवरच राहिली. जिजीने ती उचलून फळीवर ठेवली, माझ्याशी शब्द बोलली नाही. दुपारी तेवढं विचारलं, "जेवनी व्हई का ती गाडीमा?"

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला ओट्यावर चार माणसांत असं बोलायला नको होतं. "दोनशे दहा चुली विझवायच्या आणि वर त्याची फी घ्यायची," हे माझ्या तोंडून गेलं. झोक्यावरच्या पोरीसुद्धा गप्प झाल्या. तू पहाटे निघालीस तेव्हा मी जागा होतो, पण उठलो नाही. तुझी गाडी जळगावहून सुटली असेल, तोवर कूस बदलत पडून होतो.

मला खरं तर फक्त तुझ्या झोपेचं विचारायचं होतं. तू वहिनीला सांगत होतीस की तीन महिने झाले, रात्री दोनला डोळे उघडतात ते मिटतच नाहीत. मधल्या खोलीतलं ओट्यावर ऐकू येतं, ताई. डॉक्टरांना दाखवलंस का? बीपीची गोळी रोज घेतेस, की आठवण आली की?

बावीस वर्षं झाली तुझ्या सनदेला. मणियार लॉ कॉलेजला पॅसेंजरने जायचीस, पाळधीपर्यंत उभी. लेबर कोर्टातला तुझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला तिथे उभं राहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्यांनी संमती दिली नाही. नवा कोट घालून तू दुपारभर बाहेरच्या बाकावर बसलीस आणि आतल्या माणसाला चिठ्ठ्या लिहून पाठवत राहिलीस. घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्यास आणि झोपलीस ती उन्हं वर येईपर्यंत. तशी झोप आता का नाही?

पुढे तू पुण्याला गेलीस, कंपन्यांची वकील झालीस. गावात विचारायचे, पोरगी मालकाकडून लढते का? मी सांगायचो, मालकाला कायदा तीच शिकवते. ते खोटं नव्हतं. एका कंपनीने करारात घातलं होतं की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या तशाच कंपनीत जायचं नाही. तू ते कलम काढायला लावलंस, कारण 1872च्या करार कायद्याच्या 27व्या कलमापुढे ते टिकत नाही. हे मी किती जणांना सांगितलंय, जिजीला विचार.

आता 21 नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून तुझा फोन थांबत नाही. तू त्या दिवशी समजावून सांगत होतीस आणि मी ऐकून घेतलं नाही. कारखान्यात शंभर माणसं असली तरी कामगार कपात करायला सरकारची परवानगी लागायची, ती मर्यादा आता तीनशे झाली. दोनशे दहावाल्यांना परवानगी मागायचं कारण उरलं नाही. पण तू मालकाला सांगितलंस की महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर्षाला 15 दिवसांची भरपाई, ग्रॅच्युइटी वेगळी आणि काढलेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या रिस्किलिंग फंडात आणखी 15 दिवसांचा पगार. एवढं करूनही माणूस रात्री जागा राहतो, म्हणजे त्याचं मन शाबूत आहे. हे मला ओट्यावर म्हणता आलं असतं.

मला राग कशाचा आला होता ते लिहितो. एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मी टाईमकीपर होतो, एवढंच तू लोकांना सांगतेस. त्या रविवारचं कधी सांगितलं नाहीस. तू सहावीत होतीस. मी हजेरीचं मस्टर घरी आणलं होतं आणि तू पट्टी लावून ओळीने बेरजा करत होतीस. चाळणीवरच्या रोजंदाराच्या ओळीला थांबलीस. पॅसेंजरमध्ये तुला मूठभर बोरं द्यायचा, तोच तो. "आप्पा, ह्याचे दोनशे बत्तीसच होतात. हा तर रोज तुमच्यासोबत असतो ना?"

त्या ओळीतले खाडे मी मांडले होते. आधी पेन्सिलीने, मग शाईने. वर्षात 240 दिवस भरले की माणसाला नोटिशीशिवाय, भरपाईशिवाय काढता येत नाही, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत असं वरून सांगितलं होतं. मला दोन पोरं होती, घराचा हप्ता होता. मी लिहिलं. त्याला उन्हाळ्यात काढलं तेव्हा हातावर फक्त आठवड्याचा हिशोब ठेवला. त्यानंतर तो गाडीत मला जागा धरून द्यायचा तशीच धरून द्यायचा, जळगावला दुसरं काम शोधायला येताना. मी किती वर्षं दोनला उठायचो, जिजीला माहीत आहे. तू मला त्या दिवशी काही बोलली नाहीस, मोठी झाल्यावरही नाही. मी मात्र तुला चारचौघांत बोललो.

पुन्हा भाषण झालं. तू मला कायदा विचारायला नको आणि मी तुला झोप शिकवायला नको. तरी रात्री मोबाईल उशाशी ठेवू नकोस, आणि नऊनंतर चहा नको.

एकच कामाचं सांगतो. त्या दोनशे दहांची यादी तुझ्या टेबलावर येईल ती टाईप केलेली, स्वच्छ असेल. तुमच्याकडे आता अंगठ्याचं मशीन असतं म्हणतात, पण मशीनमध्ये दुरुस्ती करणारा कुणीतरी माणूस असतोच. हजेरी ज्याच्या हातात आहे त्याला एकट्याला बोलाव. साहेब लोक बाहेर गेल्यावर विचार. कुणाचे दिवस दोनशे तीस-पस्तीसवर थांबलेत ते बघ. कंत्राटदाराची माणसं त्यात धरली आहेत का, विचार. दहा-दहा वर्षं तिथेच राबलेली असतात आणि कुठल्याच यादीत नसतात. तो आधी सांगणार नाही. त्याला चहा दे, थोडं थांब. मला कुणी असं बोलावलं असतं तर मी सांगितलं असतं.

बिबडे वहिनीच्या भावाबरोबर शनिवारी पाठवतोय. पिशवीत कळण्याचं पीठही आहे. जिजीने गाठ घट्ट मारली आहे, कात्रीने काप.

तुझे,
आप्पा