चिवड्याचा डबा

दांडिया बाजार, बडोदा

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि चिवड्याचा डबा ओट्यावरच राहिला. विसरलीस का, ते विचारत नाही. आई म्हणते, मुद्दाम ठेवलाय.

लॅबची नोकरी सोडून कॉम्प्युटर शिकायचं म्हणालीस, तेव्हा "कॉम्प्युटरवाले आज आहेत, उद्या नाहीत," असं मी म्हणालो, त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तर इंजिनिअरिंगवाले होतात ना?" लागलं. खोटं नव्हतं म्हणूनच लागलं. मकरपुऱ्याचा कारखाना बंद झाला तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो. चौदा महिने डिप्लोमा भिंतीवर आणि मी खाली खुर्चीत. घर आईच्या शिकवण्यांवर चाललं. म्हणून एकोणतिसाव्या वर्षी तू हातातली नोकरी सोडतेस म्हटलं की... जाऊ दे, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

चौकशी मात्र केली. वरच्या मजल्यावरच्या सरांकडे दोनदा जाऊन बसलो. तुझं बी.एस्सी. आहे, बारावीला गणित होतं, त्यामुळे बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. म्हणजे तीन वर्षं. पण पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स बरोबरीनं काढावं लागतं. एम.सी.ए., म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी, २०२० पासून दोनच वर्षांची झालीय. तुझ्यासारख्या केमिस्ट्रीवाल्यांना आधी ब्रिज कोर्स, म्हणजे कॉम्प्युटरची पूर्वतयारी. मी एम.सी.ए. दुय्यम समजत होतो. सर हसले. म्हणाले, गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, कॉम्प्युटरचा पेपर एम.सी.ए.वाल्यांनाही देता येतो, त्याला वयाची अटही नाही. तेव्हा फरक राहिला एका वर्षाचा. एका वर्षाचा पगार! बघ, फिरून तिथंच आलो. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.सी.ए. नोकरी सांभाळून होतं म्हणतात. नुसतं सांगतोय.

आपल्या घरात तसं कोणाचं शिक्षण सरळ कामाला आलंय? आजोबा कलाभवनात कापड रंगवायला शिकले, सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या त्या कलाभवनात, आणि जन्मभर मिलमध्ये हिशेब लिहिले. तिथं आता विद्यापीठाचं इंजिनिअरिंग आहे. तरी मला तू तिथूनच बी.ई. व्हावंसं वाटत होतं. माझं राहिलं म्हणून. हे त्या दिवशीच बोललो असतो तर दार आपटलं नसतं.

काल माळ्यावरून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. तिसरीत असताना तू त्यानं आईच्या पोळ्या मोजल्या होत्यास, आठवतं? आठवडाभर. पाठकोऱ्या कागदावर तक्ता: वार, पोळी, मधली जाडी, कडेची जाडी. शनिवारी जाहीर केलंस, "आईचं लाटणं डावीकडे जास्त दाबतं." आई चिडली होती, पण निघालं खरं. परवा तू लॅबचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर आपोआप करणारा तो मॅक्रो दाखवत होतीस, दोन तासांचं काम दहा मिनिटांत, तेव्हा चेहरा अगदी तसाच होता. मी मात्र तेव्हा विचारलं, यानं पगार वाढला का. चुकलं माझं.

कुठलाही फॉर्म भरलास तर फीचा आकडा कळव. पोस्टातली एफडी मार्चमध्ये सुटतेय. राजीनामा तेवढा फॉर्मच्या आधी देऊ नकोस. नंतर दे. म्हणजे, तुझं तू ठरव.

शनिवारी मेमूनं अंकलेश्वरला येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा मिळते. चिवडा मऊ पडलाय, आई पुन्हा भाजतेय.

तुझे,
बाबा